तीन देशांचे मेंबर

ख्राइस्टचर्चच्या विमानतळावर मी किमान वीस वेळा तरी एका माणसाच्या नावाची पाटी धरून उभा राहिलो असेन. तो माणूस माझा घरमालक होता, मी त्यांना काका म्हणायचो. रिकार्टनमधल्या त्यांच्या घरामागे अंगणात एक सुटी खोली होती, तिथे मी राहायचो. रोज सकाळी त्यांच्याच हातचा चहा प्यायचो आणि हजार माणसांत त्यांना पाठमोरं ओळखलं असतं. तरीही पाटी लागायचीच. आधी ती पुठ्ठ्याची होती, मग त्यांनी स्वतः एक छोटा पांढरा फळा आणि मार्कर आणून माझ्या हातात ठेवला. "ठळक लिही," म्हणाले. "आणि नुसतं माझं नाव नको. मिस्टर अँड मिसेस लिही."

मिसेस कधीच यायच्या नाहीत. दार सरकायचं आणि काका एकटेच ट्रॉली ढकलत बाहेर पडायचे. पाटीसमोर थांबून ती नीट वाचायचे, समाधानाने मान हलवायचे, मगच माझ्याकडे बघून "आलास होय?" म्हणायचे. शेजारी उभ्या राहणाऱ्या एका टॅक्सीवाल्याला या प्रकाराची फार गंमत वाटे. एकदा त्याने विचारलं, बाई कुठे आहेत? मी सांगितलं, पुढच्या विमानाने. पुढच्या वेळी तो भेटला तेव्हाही मी तेच सांगितलं. मग त्याने विचारणं सोडलं.

हे पाटीचं खूळ त्यांना थायलंडने लावलं होतं. थायलंडचं त्यांच्याकडे कार्ड होतं. पैसे भरून घ्यायची मेंबरशिप. मेंबर झालं की कितीतरी वर्षं व्हिसाची कटकट नाही, हवं तेव्हा यावं, हवं तितकं राहावं. पण काकांना त्याचं काही नव्हतं. त्यांना आवडायचं ते हे, की विमानाच्या दारातच एक मुलगी त्यांच्या नावाची पाटी घेऊन उभी असते, वाकून नमस्कार करते, छोट्या गाडीत बसवून सगळ्या रांगांच्या कडेने नेते आणि प्रवास कसा झाला म्हणून विचारते. "प्रत्येक वेळी विचारते," काका सांगायचे. "आणि उत्तर ऐकून घेते रे." तिथे त्यांनी समुद्रासमोर फ्लॅट घेतला होता, त्यात ते वर्षाला जेमतेम तीन आठवडे राहत. मलेशियाचाही असाच लांब मुदतीचा परवाना होता. न्यूझीलंडमध्ये त्यांनी गुंतवणूक करून व्हिसा घेतला होता. "इथं कार्ड देत नाहीत," अशी त्यांची तक्रार असे. "इथं दिवस मागतात."

म्हणजे असं, की ठरलेल्या मुदतीत ठरलेले दिवस या देशात राहून दाखवायचं. तेवढे भरले की पुढचा परवाना कायमचा, कसलीही अट नाही. तोवर मात्र मोजणी.

काका मूळचे सांगलीचे. तिथल्या एमआयडीसीत त्यांची फौंड्री होती, पंपांचे सुटे भाग ओतायची. साठाव्या वर्षी ती त्यांनी पुतण्यांच्या हवाली केली आणि जग हिंडायला निघाले, असं ते सांगत. त्यामागची गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. तरुणपणी त्यांना जर्मनीत मशिनरीचं प्रदर्शन बघायला जायचं होतं. मुंबईला व्हिसासाठी दोन दिवस रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या माणसाने त्यांच्याकडे न बघता पासपोर्ट परत सरकवला. कारण विचारलं तर पुढच्या माणसाला हाक मारली. काका हे सांगताना दर वेळी तळहाताने टेबलावर काहीतरी सरकवून दाखवत. "त्या दिवशी ठरवलं," म्हणायचे. "परत कुठं पाहुणा म्हणून जायचं नाही. मेंबर म्हणून जायचं."

मला हे ऐकून चीड यायची, खोटं कशाला बोलू. मी शिकायला आलेला पोरगा, मग हॉर्नबीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवत पुढच्या व्हिसाची वाट बघणारा. इमिग्रेशनचा ईमेल आला की मी तो शिफ्ट संपेपर्यंत उघडायचो नाही. आणि हा माणूस देश विकत घेतल्यासारखा बोलायचा. मी त्यांना मागे 'तीन देशांचे मेंबर' म्हणायचो. मित्रांमध्ये ते नाव चांगलं रुजलं, आणि कुणीतरी ते त्यांच्या कानावर घातलं. मला वाटलं, आता खोली खाली करावी लागणार. उलट ते खूष झाले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी स्वतःची ओळख तशीच करून दिली आणि तिथल्या तिथे आजीव सभासदत्व मागितलं. मंडळात आजीव असा काही प्रकारच नव्हता, दरसालची कुटुंब वर्गणी होती. ती त्यांनी भरली. फॉर्मवर प्रौढ व्यक्ती दोन, असं लिहिलं. आरतीला मात्र कडेला उभे होते, चपला सांभाळणाऱ्या माणसासारखे.

घर चार खोल्यांचं. तीन खोल्यांत पलंग, पलंगावर प्लॅस्टिकच्या वेष्टनातल्या गाद्या. मुलगा अमेरिकेत होता, तो आला तर एक, पाहुणे आले तर एक, असा हिशोब. मी होतो त्या काळात त्यातलं एकही वेष्टन फाडलं गेलं नाही. प्रत्येक देशात त्यांचा वेगळा चष्मा, वेगळ्या स्लिपर्स, वेगळा दाढीचा ब्रश. "सामान न्यायचं नाही, आपलं घरच आहे," हा त्यामागचा विचार. प्रवासात ते न्यायचे ती एकच गोष्ट, काकूंनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी, सांगलीहून पाठवलेला मसाला. आणि तो विमानतळावर अगदी हौसेने जाहीर करायचे. इथे खाण्यापिण्याच्या वस्तूंची फार कडक तपासणी होते. लोक ती रांग टाळायला बघतात. काका नसलेल्या वस्तूही लिहायचे की काय, अशी मला शंका आहे. तिथला अधिकारी माओरीत नमस्कार म्हणून "किया ओरा" म्हणायचा, काका सांगलीच्या वळणात "किया ओरा" म्हणायचे, आणि मग दगडफूल म्हणजे काय, ते कुठे वाढतं, तुमची बायको ते भाजते का, यावर दहा मिनिटं चर्चा व्हायची. बाहेर मी पाटी धरून ताटकळत. "माझ्या मसाल्याची एवढी आस्थेनं चौकशी कुणी केली नव्हती बघ," गाडीत बसताना सांगायचे.

त्यानंतर घरी आलं की दार उघडायचं, घर तापवायला हीट पंप लावायचा आणि स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरसमोर उभं राहायचं. त्यावर दिवसांच्या फुल्या असत. आल्या दिवशी फुली नाही. निघायच्या दिवशीही नाही. मधल्या दिवसाची फुलीही तो दिवस पुरता संपून दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर. मी एकदा म्हटलं, काका, उतरलात तो दिवस पण धरा की. तेव्हा जवळजवळ रागावले. "फौंड्रीत चाळीस वर्षं मी अर्धा नग मोजला नाही. साच्यातनं निघाला म्हणजे झाला काय? घासला, तपासला, रंग लागला, मग नग. पोरं फसवायची मला, कच्चा माल धरून आकडा सांगायची. आपण आपल्याला फसवायचं नाही."

त्या वेळी मला त्या कॅलेंडरशी काय कर्तव्य होतं.

आणि मग तिसऱ्या वर्षाच्या शेवटाला काकू आल्या. मी पाटी घेऊन गेलो तेव्हा सवयीने निर्धास्त होतो. दार सरकलं आणि काकांच्या मागून एक ठेंगणी बाई थोडं लंगडत बाहेर आली, साडीवर स्वेटर, पायात मोजे आणि चपला. पाटी वाचली. मग काकांकडे वळून म्हणाल्या, "अहो, याला ठाऊक नाही का आपण कोण ते?" काका पहिल्यांदाच ओशाळलेले मी पाहिले.

सांगलीत काकूंचा शिवणक्लास होता. तीस वर्षं चालू होता. तीन आठवड्यांत त्यांनी घराचे सगळे पडदे उसवून पुन्हा शिवले, माझ्या चार पँटी आखूड केल्या, आणि इंग्रजीचा एक शब्द धड न बोलता शेजारच्या बाईशी कुंपणावरून लिंबं आणि पालेभाजीची देवघेव सुरू केली. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायला त्या स्वतः जात आणि तो दुकानदार त्यांना बघून काउंटरबाहेर येई. काकांना त्या गल्लीत तीन वर्षं झाली होती. शेजारच्या बाईंचं नाव त्यांना काकूंकडून कळलं.

त्या दिवसांत काका अखंड बोलत असायचे. कॅलेंडरवर फुली मारायची दोनदा विसरले. मी तेव्हा मागच्या खोलीत जेवायचो नाही, काकू पान वाढून हाक मारायच्या. असंच त्या निघायच्या आदल्या रात्री तिघं जेवत असताना विषय निघाला.

"पंधरा तारखेला ऑपरेशन आहे," काकू म्हणाल्या. "गुडघ्याचं. दोनदा पुढं ढकललं, तुमच्या दिवसांपायी. आता डॉक्टर ऐकत नाहीत. माझ्याबरोबरच चला."

"चौतीस राहिलेत," काका म्हणाले. "चौतीस फक्त. मुदत संपायला पाच आठवडे आहेत. आत्ता महिनाभर गेलो तर भरत नाहीत. मग तीन वर्षं वाया. हे झालं की मी तुझ्यापाशीच की."

"हे झाल्यावर मी चालायला लागलेली असेन. मला माणूस तेव्हा पाहिजे, बाहेर बाकावर बसायला."

"पुतणे आहेत ना."

काकूंनी माझ्या पानात भाजी वाढली. "पुतणे आहेत," त्या म्हणाल्या. "सगळेच आहेत." आणि विषय संपला.

विमानतळावर आम्ही दोघं सोडायला गेलो. गरम वारा सुटला होता, वायव्येचा, ज्याने इथल्या लोकांची डोकी दुखतात. काकू आत जाताना मागे वळल्या नाहीत, पण त्याचं कारण गुडघाही असेल. परतताना काकांनी गाडीत सांगितलं, "तेहतीसचे बत्तीस होतील उद्या."

ऑपरेशनच्या दिवशी एक पुतण्या नेमका कोर्टाच्या कामात होता, दुसरा बंगळूरला. संमतीच्या कागदावर काकूंच्या क्लासमधल्या एका बाईंनी सही केली, नात्याच्या जागी 'मैत्रीण' असं लिहून. काकांनी इथून सोळा वेळा फोन केला. रात्री कुणीतरी उचलून सगळं ठीक झाल्याचं सांगितलं. त्यानंतर काकूंचे फोन आखूड झाले. भांडण नाही, अबोला नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर. दिवस भरल्यावर काका म्हणाले, आता येतो. काकू म्हणाल्या, आता काय घाई आहे, सावकाश या. आणि काकांनी ते शब्दशः घेतलं. मला वाटतं त्यांना लाज वाटत होती. लाज वाटली की माणूस लांबच्या रस्त्याने जातो. ते थायलंडला गेले, आठवड्याने परत आले, मी पाटी धरली.

पुढच्या परवान्याचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला बसवलं. डोळे नीट चालत नव्हते, आणि तो ऑनलाइन फॉर्म फार किचकट होता. आल्या-गेल्याची प्रत्येक तारीख लिहायची. मी पासपोर्ट, तिकिटं, सगळं पसरून एकेक भरत गेलो. शेजारच्या सूचनेत लिहिलं होतं की देशात येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस पूर्ण धरले जातात. मी ती ओळ तीनदा वाचली. खात्री करायला त्यांच्या वकिलाच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या मुलीने सांगितलं, हो, अर्थातच, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या बोलीत एकदम ठीक.

तीन वर्षांत काका वीसबावीस वेळा आले-गेले होते. प्रत्येक खेपेचे दोन दिवस त्यांनी टाकून दिले होते. मी कागदावर बेरीज केली, मग पुन्हा केली. काकू परत निघाल्या त्याच्या सहा दिवस आधीच त्यांचे दिवस भरलेले होते. ज्या जेवणात ते चौतीस म्हणाले, त्या जेवणाच्या वेळी एकही उरलेला नव्हता.

काका समोर चहाचे कप घेऊन उभे होते. "भरले ना बरोबर?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते कप खाली ठेवेनात. "फार जास्त तर नाही ना झाले?"

"नाही काका," मी म्हणालो. "जेमतेम भरले."

याला दया म्हणायचा मोह होतो. पण खरं सांगायचं तर त्यात दया थोडी आणि भित्रेपणा जास्त होता. तो चेहरा मला बघायचा नव्हता. काकांनी कप ठेवले आणि लगेच सांगलीला फोन लावला, स्पीकरवर. "ऐकलंस का, जेमतेम भरले म्हणे. याने कॉम्प्युटरवर मोजलेत. एक आठवडा जरी गेलो असतो तरी गेलं होतं सगळं." पलीकडून काकू "बरं" म्हणाल्या. काका वाट बघत राहिले. "बरं, ठेवू मग?" त्यांनी विचारलं, आणि काकू पुन्हा "बरं" म्हणाल्या. मी स्क्रीनकडे बघत होतो. एक वाक्य बोललो असतो तर काका हरले असते आणि कदाचित त्याच आठवड्यात सांगलीला गेले असते, पाय धरायला. मी त्यांना जिंकू दिलं.

त्यांना कायमचा परवाना मिळाला. काही महिन्यांनी मलाही मिळाला, तो वेगळ्या रस्त्याने आणि वेगळ्या घामाने. मी हॉर्नबीला राहायला गेलो. मागची खोली त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी, मी जायचो, कधी दोन आठवडे चुकायचे. ते कधी बोलून दाखवत नसत, फक्त मी गेलो की फ्रिजमधून एकेक डबा निघायचा आणि प्रत्येकावर आधीच्या रविवारची तारीख असायची.

काकू येऊन गेल्याला दोन वर्षं होत आली तेव्हा, मे महिन्यात मी भारतात गेलो. सहा आठवड्यांची सुट्टी होती. आईला मी तीनच आठवडे सांगितले होते, का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. काकांनी काकूंसाठी मधाची बाटली आणि लोकरीचे मोजे दिले होते. पुण्याहून बसने सांगलीला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि ऊन मी म्हणत होतं.

काकू मशिनवर बसल्या होत्या. गुडघा चांगला झाला होता, उठून स्वतः पाणी आणलं. मोजे बघितले, मध बघितला, बाजूला ठेवला. माझ्या आईची चौकशी केली. क्लासच्या दोन मुली होत्या, त्यांना लवकर सोडलं. मग मशिनवरचं कापड दुमडत, माझ्याकडे न बघता विचारलं, "मोजलेस तूच ना ते दिवस?"

"हो."

"खरं सांग. लागत होते?"

त्या खोलीत मला खोटं बोलता आलं नाही. मी सांगितलं. काकूंनी कापडाची आणखी एक घडी घातली. "किती आधी भरले होते म्हणालास?"

"तुम्ही निघायच्या सहा दिवस आधी."

"म्हणजे मी पडदे शिवत होते तेव्हा." त्यांनी घडी मशिनवर ठेवली. "त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगू. सोसायचं नाही त्यांना." त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण रडत नव्हत्या. चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि फोन उचलला. तिकडे संध्याकाळ झाली होती. पहिल्याच घंटेला काकांनी उचलला.

"तुमचा भाडेकरू पोचला," काकू म्हणाल्या. "मध मिळाला. आणि मी विचारलं त्याला. दिवस लागतच होते म्हणतो. एकसुद्धा कमी चालला नसता."

"मग मी काय सांगत होतो?" काका म्हणाले. हजारो मैलांवरून त्यांनी सोडलेला श्वास आम्हाला दोघांना ऐकू आला.

"तेच. माझंच चुकलं, उगाच मनात धरून बसले. आता तर कसली अट नाही ना तुम्हाला?"

"कसलीच नाही. कायमचं झालं."

"मग या की." काकूंचा आवाज मी एवढा मऊ कधी ऐकला नव्हता. "कायमचे नका येऊ. चार महिने या. वरची खोली झाडून ठेवलीय. तुम्हाला कुणी काही विचारणार नाही."

पलीकडे किटलीची शिट्टी सुरू झाली आणि थांबली. काकांनी ती बंद केली असावी.

"यायला काय," काका म्हणाले. "पण आता इथं थंडी पडायला लागेल. घर बंद ठेवलं तर नळ फुटतात. आणि थायलंडला यंदा गेलोच नाही, कार्ड नुसतं पडून आहे. बघतो. तुला कळवतो."

"बरं. कळवा," काकू म्हणाल्या. आणखी थोडा वेळ त्यांनी फोन कानाशी तसाच धरला होता. मग ठेवला.

मी निघायला म्हणून पिशवी उचलली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून खुर्चीवर ठेवली आणि आत जाऊन दोन पानं मांडली. पोळी वाढताना म्हणाल्या, "दोन वर्षं मी त्या दिवसांनाच बोल लावत होते रे."

मी मान खाली घातली आणि जेवायला लागलो.